उदंड हाये

अंबाडीची भाजी शिजू लागली, की तिच्या आंबूस वासासोबत घाटंजीचं आमचं धुरकट स्वयंपाकघर आठवतं. साठ-एकसष्ट साल असेल. घरात 'नाही' म्हणू नये, वास्तू 'तथास्तु' म्हणते, हा आईचा हट्ट, म्हणून डबा रिता होत आला की ती म्हणायची, "उदंड हाये." आम्ही बहिणी समजून हात आखडून जेवायचो. लग्न होऊन नुकत्याच आलेल्या वहिनीला हे कुठून ठाऊक असणार? बाजाराचा दिवस लांब होता आणि उरलेलं ज्वारीचं पीठ आईनं दोन सांजांसाठी राखलं होतं. "सासूबाई, पीठ किती हाये?" वहिनीनं विचारलं. "उदंड हाये, माय." वहिनीनं हौसेनं सगळ्या पिठाच्या भाकरी थापल्या. ती चळत पाहून आई जराशी थबकली, मग म्हणाली, "जेवा पोटभर." दुसऱ्या सांजेला चुलीवर नुसती अंबाडी पाण्यात उकळत होती. वहिनीनं पिठाचा डबा उघडला आणि तोंडाला पदर लावून तिथंच बसली. पुढे तीही 'उदंड' म्हणायला शिकली. परवा मुलानं फोनवर विचारलं, "आई, घरी कोणी येतं-जातं ना?" मी म्हटलं, "उदंड येतात." "मग बरं," म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.