चाकाखालचा दगड
ब्रेकचं लायनर जळल्याचा वास आला का मले लालबर्र्याजवळचा तो चढ आठवते. तांदूळ भरलेली आमची गाडी तिथं बिघडून उभी होती अन् माझा जोडीदार ड्रायव्हर खाली झोपून ब्रेक खोलून राह्यला होता. मागच्या चाकाले मी मोठा दगड लावला होता. तेवढ्यात मोटरसायकलवाला एक जण थांबला. "भैया, तुमचे ट्रकवरचे सगळे व्हिडिओ पाह्यतो मी! एक व्हिडिओ सोबत काढू न!" मी हौ म्हणून हाताचं ग्रीस पुसत होतो, तं खालून जोडीदार ओरडला, "गाडी सरकून राह्यली रे!" पाय धरून त्याले बाहेर ओढला, तशी गाडी मागं जाऊन झाडाले धडकली. या शहाण्यानं मोबाईल टेकवाले चाकाखालचा दगड काढून नेला होता! वर मलेच म्हणते, "एक दगडच तं घेतला, इतकं काहून चिडता?" मंग मी त्याले तोंडात येईल त्या शिव्या घातल्या. त्याचा मोबाईल चालूच होता; त्यातल्या तेवढ्याच शिव्या कापून घेऊन त्यानं इंटरनेटवर टाकल्या, 'फेमस ड्रायव्हरचा घमंड' म्हणून. आजही लोक मले माफी मागाले सांगतात. त्या व्हिडिओत माझी एक-एक शिवी ऐकू येते, फक्त दगड दिसत नाही. दिसन कसा? मोबाईल त्याच्यावरच तं ठेवला होता.