नीरम

मावशीचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या लायब्ररीत होते. जिन्यात येऊन उचलला. मावशी एवढंच म्हणाली, "बाई गेल्या गं. खुर्चीतच." मी "हो का" म्हणाले. मग घड्याळाकडे लक्ष गेलं. बाईंना पेपर वाचून दाखवायला निघायची माझी वेळ झाली होती.

लिमये बाई खडकीच्या शाळेत मराठी शिकवायच्या. निवृत्तीनंतर त्यांची नजर हळूहळू गेली. माझी मावशी त्यांच्याकडे पोळ्या करायची. मी लोणी काळभोरहून शिकायला मावशीकडे आले, तेव्हा तिनेच मला त्यांच्या घरी नेलं. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच, त्यामुळे शहरात तोंड उघडायचीच मला भीती. बाईंनी विचारलं, "वाचायला काय आवडतं?" मी म्हणाले, "काहीपण." त्या म्हणाल्या, "या नावाचं वर्तमानपत्र आमच्याकडे येत नाही. हे जे आलंय ते वाच." त्या दिवसापासून मी रोज दुपारी जायला लागले. खिडकीपाशी त्यांची वेताची खुर्ची, समोर माझं स्टूल. मी घाईत वाचत सुटले की त्या मान न हलवता म्हणायच्या, "स्वल्पविराम काय शोभेला ठेवलाय तिथे?" मग मी मागे जाऊन वाक्य पुन्हा वाचायची.

एकदा जहाजांवरचा एक लेख निघाला. माल उतरवून झाला की रिकाम्या जहाजाच्या पोटात समुद्राचंच पाणी भरून घेतात, नाहीतर ते लाटांवर कलंडतं, असं त्यात होतं. त्या वजनाला बॅलास्ट म्हणतात. "मराठीत काय म्हणशील?" बाईंनी विचारलं. मला येत नव्हतं. त्यांनी मला कपाटातला जाडा शब्दकोश काढायला लावला. त्यात सापडलं, नीरम. बाई खूश झाल्या, पण लगेच म्हणाल्या, "शब्द छान आहे, पण माणसांच्या तोंडात कुठे आहे? दुसरा सांग." मी म्हणाले, भार. "भार माणसाला वाकवतो. हा सावरतो." ओझं? "ओझं उतरवून टाकावंसं वाटतं. हे उतरवलं की बुडालो." पासंग? "तो तराजूचा. तिथे दोन पारडी असतात, इथे एकटं जहाज आहे."

मग मी घाबरत घाबरत सांगितलं, की आमच्याकडे नांगरलेलं रान सपाट करायला फळी फिरवतात. नुसती फळी ढेकळांवरून उड्या मारत जाते, म्हणून तिच्यावर दगड ठेवतात, नाहीतर घरातलं पोर बसवतात. वडील मला म्हणायचे, "बस वजनाला. उगी बसून ऱ्हा, हलू नगं." मला वाटायचं, आपल्याला फुकटात फिरायला मिळतंय. पण उतरले की फळी पुन्हा उडायला लागायची.

बाई हसल्या. "वजनाला बसणं! हा शब्द कोशात का नाही? आणि तू मला सांगतेस, तुला काही येत नाही!"

त्याच वर्षी वर्गात निबंध वाचून दाखवताना माझ्या तोंडून "आहे"च्या जागी "हाय" निघालं आणि मागच्या बाकांवर हशा झाला. मी बोलायचीच थांबले. परीक्षा तोंडावर आली होती, पण मी बॅग भरली आणि बाईंना सांगायला गेले, की उद्या गावी चालले, परत येणार नाही. बाईंनी समजूत घातली नाही. म्हणाल्या, "जा की. पण आजचा अग्रलेख वाचून जा." मी वाचायला लागले. शेवटचा परिच्छेद राहिला असताना त्यांनी डोळे मिटले. "आता झोप आली. उरलेला उद्या." तो अर्धा लेख तसाच ठेवून जाणं मला बरं वाटेना. दुसऱ्या दिवशी गेले, तर दुसरं काहीतरी अर्धं राहिलं... असं करत करत परीक्षा झाली. यंदा मी शेवटच्या वर्षाला आहे.

बाई गेल्यानंतर काही आठवड्यांनी त्यांची भाची अश्विनीताई घर आवरायला आली. मी मदतीला गेले. बोलता बोलता म्हणाले, "माझ्यामुळे बाईंना निदान पेपर तरी कळायचा." ताई थांबली. "अगं, पेपर तर मी रोज सकाळी फोनवरून वाचून दाखवायचे तिला. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. तुला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. म्हणजे रोज दुपारी बाई जे ऐकायच्या, ते सगळं त्यांचं सकाळीच ऐकून झालेलं असायचं. अर्ध्या राहिलेल्या अग्रलेखाचा शेवटही. मला वाटायचं, मी त्यांच्या उपयोगी पडतेय. आणि त्या माझ्यासमोर नुसत्या बसून असायच्या, न हलता... मी उडून जाऊ नये म्हणून.

ताईने विचारलं, "तुला इथलं काही हवंय का?" मी खुर्चीकडे पाहिलं, पण मावशीच्या खोलीत ती मावणार नव्हती. ताईला काय वाटलं कोण जाणे, ती स्वतःच खुर्चीत बसली. "वाच," म्हणाली. मी स्टूल ओढलं, पेपर उघडला. वाचायला लागले. घाईत एका वाक्यातला स्वल्पविराम गेला, आणि मी सवयीने थांबले, बाईंची बोलणी ऐकायला.

कुणीच काही बोललं नाही. मग मी मागे गेले आणि ते वाक्य पुन्हा वाचलं.