भूकंप गाळणाऱ्या मॅडम

हार्डवेअरच्या दुकानात काउंटरमागे खिळे-स्क्रू पडतच राहतात. वाकून कोण उचलतो? मग कधीतरी झाडू मारला की मूठभर निघतात. किश्श्यांचंही तसंच. तलासरीत जमीन हलायला लागली त्या हिवाळ्यात आमच्या दुकानात इतके किस्से सांडले, की आज झाडू मारतोच. त्यातले पायात घुसणारे निघाले, तर ते माझे समजा.

*

अनघा मॅडम पीएचडी करायला आल्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या. हातात एक डबा, डब्यातून लोंबणारी वायर.

"काका, जमिनीचे हादरे मोजायचेत. शांत खोली मिळेल?"

मी दहावी नापास, पण रेडिओपासून मोटारपंपापर्यंत सगळं स्वतः खोलून शिकलेला. यंत्र दिसलं की मला चेव येतो. म्हटलं, "मागची खोली घ्या. बाजूच्या खोलीत फक्त आई असते. अख्ख्या तालुक्यात अशी शांतता मिळायची नाही!"

तेवढ्यात शेजारची पिठाची चक्की सुरू झाली. भिंतीवरचं कॅलेंडर नाचायला लागलं.

मॅडम हसल्या. "चालेल. माझं कामच ते आहे. चक्की एका ठरलेल्या सुरात घरघरते, तेवढाच सूर कापायचा. हायवेचे ट्रक, माणसांची पावलं, सगळं गाळायचं. उरेल तो भूकंप."

आई आतून म्हणाली, "चहासारखं का गं?"

"अगदी तसंच, आजी! चोथा वेगळा, चहा वेगळा."

*

मग आली ती दुपार. त्या हिवाळ्यातला सगळ्यात जोरदार धक्का. बायको माहेरी वाणगावला गेलेली, मॅडम यंत्र चालू ठेवून बाहेर गेलेल्या. दुकानातले पाइप धडाधड कोसळले.

समोरचे टेलर रमणभाई शिलाई मशीनखाली लपले होते. सगळं शांत झाल्यावर, बऱ्याच वेळानं बाहेर आले. बघतात तर आमच्या अंगणात मी आणि आई, दोघं उभे! आईचे गुडघे गेलेले, खाटेवरून उठायलाच तिला किती वेळ लागतो ते अख्ख्या बाजाराला माहीत.

"वा शेठ! आईला उचलून आणलंत!"

मी अंगावरची धूळ झटकायला लागलो. आईनं पदर सारखा केला.

संध्याकाळपर्यंत गोष्ट डहाणू रोडपर्यंत पोचली होती. रमणभाईंच्या तोंडून ऐकाल तर मी आईला खाटेसकट उचललं होतं!

*

त्यानंतर माझा भाव वाढला. जरा काही हललं की लोक माझ्या तोंडाकडे बघायचे. मीही डोळे मिटून रिश्टर सांगायचो.

एकदा दुकान भरलेलं असताना धाडकन आवाज झाला, जमीन थरथरली. मी हात वर केला. "तीन पॉइंट दोन! मोठा मागून येतोय!" बाहेर झोपायचं म्हणून तिथल्या तिथे चार जणांनी ताडपत्र्या मागितल्या.

मॅडम मागून धावत आल्या. "काका, तुमच्या पत्र्यांचा गठ्ठा पडलाय."

ताडपत्र्यांच्या परत घड्या घालताना मान वर करवेना.

*

एका दुपारी मॅडमनी मला अंदाज बांधायचं शास्त्र सांगितलं. "आपला आधीचा अंदाज एका हातात, यंत्राचं नवं मोजमाप दुसऱ्या हातात. दोन्हीत थोडीथोडी चूक असतेच. कुणावर किती भरवसा ठेवायचा, हे दर वेळी नव्यानं ठरवायचं."

"हे तर आम्ही गिऱ्हाइकाशी रोज करतो!"

"मग मला मदत करा. त्या मोठ्या धक्क्यातली तुमची पावलं गाळायचीत. तुम्ही निघालात तेव्हा जमीन हलत होती?"

"हलत होती."

"आजींना उचलून?"

"हं."

मॅडमनी त्या "हं"वर शंभर टक्के भरवसा ठेवला.

*

शाळेनं भाषणाला बोलावलं. विषय, भूकंपात काय करावं. रमणभाईंनी हौसेनं आईलाही रिक्षात घालून आणलं, पहिल्या रांगेत बसवलं.

मी माइकवर म्हणालो, "मुलांनो, एकट्यानं पळत सुटायचं नाही. आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बाहेर काढायचं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मुलं थांबली, मास्तर थांबले. आई एकटीच वाजवत राहिली.

*

मग एक दिवस मॅडम लॅपटॉप घेऊन आईच्या खाटेवरच येऊन बसल्या. मी आणि रमणभाई तिथेच चहा घेत होतो.

"काका, एक गोष्ट जुळत नाहीये. हा बघा मोठा धक्का, इथे सुरू झाला. ही जड पावलं, धावत थेट दारापर्यंत. ही तुमची. दोन माणसांचं वजन म्हणून जड, असं मी धरलं होतं."

"हं."

"पण मग हे काय? धक्का थांबल्यावरचं आहे. एक पाऊल, टक्. एक पाऊल, टक्. मध्येच थांबलंय. बराच वेळ काही नाही. मग परत टक्. असं पार दारापर्यंत. चक्की नाही, ट्रक नाही. हे नेमकं काय आहे तेच कळत नाही, मग गाळू कसं?"

रमणभाई बशीतला चहा फुंकत होते, ते थांबले. मी कॅलेंडरकडे बघत राहिलो. चक्की नेमकी तेव्हा बंद होती.

आईनं खाटेला टेकवलेली काठी हळूच उचलली आणि गोधडीखाली सरकवली.

"चोथाच असेल गं तो," ती म्हणाली. "टाक गाळून."