रावणताड, कानस आणि अंबाजोगाईतलं एक अंगण

शुक्रवारी दुपारी रशीदचाचांचा फोटो आला आणि मी दुसऱ्या दिवशी अंबाजोगाईला जायचं ठरवलं. चाचांचं तिथे दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे. आमची ओळख पामवरच्या माझ्या या ब्लॉगवरची, भेट कधीच नाही. फोटोत त्यांच्या अंगणातलं सोळा वर्षांचं झाड होतं, आणि त्याच्या शेंड्यातून एकाऐवजी दोन कोंब वर येत होते. खाली त्यांनी लिहिलं होतं की झाडाला रोग लागलाय, शेडही बांधायची आहे, तर सोमवारी कापतो. हा रोग कुंडीतल्या बाकीच्या पामना लागेल का?

दोन वर्षांपूर्वी याच झाडाचा फोटो पाहून मी त्यांना उत्तर दिलं होतं: साधा ताड. पण ताडाचं खोड असं दुभंगत नाही. दुभंगतो तो रावणताड, आणि तो आपल्याकडे किनारपट्टीवरही मोजक्याच ठिकाणी दिसतो. मी फोन करून इतकंच म्हटलं की मी येईपर्यंत हात लावू नका.

शनिवारी पहाटे साडेपाचला पुणे सोडलं. नगरवरून कडा, आष्टी, जामखेड, पाटोदा, मांजरसुंबा, केज असा रस्ता घेतला. पाटोद्याआधीचा थोडा भाग सोडला तर रस्ता चांगला आहे. थांबे धरून आठ तास लागतात. कड्याला चहा घेतला. मांजरसुंब्याच्या घाटात नोव्हेंबरात सीताफळं विकायला असतात. घेणार असाल तर डोळे उघडलेली पण घट्ट घ्या, गाडीत दोन दिवस टिकतात. अंबाजोगाईत बसस्टँडजवळ नऊशे रुपयांत स्वच्छ खोली मिळाली.

चाचांचं घर गॅरेजच्या मागे आहे. अंगणात एकोणीस कुंड्या, प्रत्येकीला जुन्या नंबरप्लेटच्या पत्र्याची पट्टी, त्यावर खिळ्याने ठोकून लिहिलेली तारीख. भिंतीला शिडी लावलेली होती आणि चाचांचा मुलगा इम्रान दोर मोजत होता. शेड त्याचीच. पावसात गिऱ्हाइकांच्या गाड्या भिजतात, हे त्याचं म्हणणं रास्त होतं.

मी आधी पानांचे देठ पाहिले. दोन्ही कडा गुळगुळीत. रावणताडाच्या देठावर वर वळलेले काळे, जाड काटे असतात. ते नव्हते, म्हणून तर मी ताड म्हटलं होतं. पण ताडाच्या देठालाही बारीक दात असतात. इतका गुळगुळीत देठ दोघांपैकी कुणाचाच नसतो. फोटोत हे दिसत होतं, पण मी त्यावर थांबून विचार केला नव्हता.

कडेवरून बोट फिरवलं तर समांतर चरे लागले. मी चाचांना विचारलं, हे काय?

"कानस," ते म्हणाले. "नातवंडं खेळत्यात. काटे लई बेकार. दरसाल घासून काढतो, वरून पॉलिशपेपर मारतो."

"फोटो पाठवायच्या आधी?"

"मग? मॅडमला दाखवायचं म्हटल्यावर झाड साफ नको?"

इम्रान खाली बसून हसायला लागला. मी शिडी झाडाला लावून वर गेले. चाचांचा हात न पोचलेल्या सर्वांत नव्या देठावर काटे शाबूत होते. दोन्ही कोंब सारख्याच जाडीचे, निरोगी. पानांवर निळसर राखाडी मेण. खाली येऊन बी कुठलं ते विचारलं. दीवच्या समुद्रकाठी पडलेलं फळ उचललं होतं, चाचांनी सांगितलं. हेही मी कधी विचारलं नव्हतं.

मी चुकले, रोग नाही, हा रावणताड आहे, हे मी सलग तीन वाक्यांत सांगितलं. झाड ठेवायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, असंही म्हटलं. इम्रान दोर गुंडाळेना. शेवटी चाची स्वयंपाकघराच्या दारातून बोलल्या.

"सोळा साल पाणी मी घातलं. शेड तिकडं भिंतीकडं सरकव. दोन गाड्या कमी मावतील, मरत न्हाई कुणी."

इम्रानने भिंतीकडची जागा पावलांनी मोजली आणि दोर शिडीला अडकवून ठेवला. जेवताना चाचींनी मला तिसरी भाकरी न विचारता वाढली.

मी माफी मागायची तयारी करून आले होते. तिची वेळच आली नाही. निघताना चाचांनी माझ्यासमोर एक कुंडी आणून ठेवली. दोन पानांचं रोप.

"आता हे काय हाय, सांगा."

"मी परत चुकेन."

"मग परत या की."

रविवारी सकाळी सुशीला, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा इकडचा नाश्ता, खाऊन तासाभरावरच्या धर्मापुरीला जाऊन आले. तिथल्या जुन्या देवळाच्या बाहेरच्या भिंतीवरचं कोरीवकाम बघायला दोन तास हातात ठेवा. रात्री आठला पुण्यात पोचले.

नोकरीत मी मापनयंत्रं तपासते. चुकलेलं यंत्र आम्ही शिक्का मारून बाजूला ठेवतो. अंबाजोगाईत मला कुणी बाजूला ठेवलं नाही, याबद्दल मी त्या घराची आभारी आहे. सोमवारी चाचांनी त्या रोपाचे अकरा फोटो पाठवले, देठाच्या दोन्ही कडा जवळून, काही न घासता. मी उत्तर दिलं: अजून सांगता येत नाही, तिसरं पान येऊ द्या. त्यांनी लिहिलं, थांबतो.