रंगरावची सातवी पायरी

रंगराव औशाकडचा. महाळुंग्यातल्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर कंत्राटी कामगार. त्याच्या खोलीवर इफ्फत पहिल्यांदा आली, तेव्हा तो ओव्हरटाइम करून नुकताच टेकला होता. माणसं किती सुखी आहेत, हे काही अर्थतज्ज्ञ मोजत होते. तीच माणसं, दरवर्षी तोच प्रश्न. आकुर्डीची इफ्फत त्यांच्यासाठी दारोदार फिरायची.

"दहा पायऱ्यांची शिडी आहे असं समजा, भाऊ. वर सगळ्यात चांगलं आयुष्य, खाली सगळ्यात वाईट. तुम्ही कुठं उभे आहात?"

"पाचवर लिहा."

दुसऱ्या वर्षी त्याच्या उजव्या हाताला दोन बोटं नव्हती. मशीनखाली गेली होती. "शून्य चालतंय का?" त्यानं विचारलं. इफ्फतनं टॅबवर शून्य भरलं आणि मग बसस्टॉपवर कितीतरी वेळ नुसती बसून राहिली. दोन बस गेल्या.

तिसऱ्या वर्षी तो म्हणाला, "सात."

कारण विचारायचं नाही, असा नियम होता. तरी तिनं विचारलं.

"आता मशीनवर न्हाई, कंपनीच्या स्टोअरला हाय मी. आठ तासांत सुट्टी. पोरगी जेवताना जवळ बसती. आधी मी तिला झोपलेलीच बघायचो, ताई."

त्याची बायको रंभा गॅसपाशी भाकरी थापत होती. मागे न वळता म्हणाली, "मला कुणी इचारलं न्हाई. ह्यांचा ओव्हरटाइम गेला, तवापासून मी दोन कँटीनला राबते. मी तीनवर हाय."



फॉर्ममध्ये घरातल्या एकालाच जागा होती. इफ्फतनं सात भरलं आणि शेऱ्यात लिहिलं, 'बायको तीन म्हणते.'

आठवड्यानं इफ्फतला त्या अर्थतज्ज्ञांच्या ऑफिसातल्या मॅडमचा फोन आला. "अपघातानंतर माणसं हळूहळू सावरतात, हे आमच्या आकड्यांत दिसतं. पण त्यापायी घरात दुसरं कोणी खाली उतरतं का, हे आम्ही बघितलंच नाही."

चौथ्या वर्षी फॉर्म दोन होते. रंभाची पाळी आली तेव्हा इफ्फतनं रंगरावला बाहेर पाठवलं. तो बादल्या घेऊन नळावर गेला. आता पाणी तोच भरायचा, पोरीची वेणीही वेडीवाकडी का होईना, तोच घालायचा.

रंभानं बराच विचार केला. "पाच. सहा म्हटलं असतं, पण गुडघे लई दुखतात."

इफ्फतनं पाच भरलं. मग टॅब पिशवीत टाकून, चाकणला हाडांचा कुठला डॉक्टर बरा, ते तिनं कागदावर लिहून दिलं.