सुभद्राबाईंच्या शिंगवाल्या अळ्या

हुडकेश्वरला आमच्या शेजारी सुभद्राबाई राहतात. नवरा गेल्यावर त्या कुहीहून लेकीकडे आल्या, तेव्हा त्यानं लावलेल्या तगरीची एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली. तिचं आता कुंपणाशी झाड झालं आहे. रोज तिची अकरा फुलं नवऱ्याच्या फोटोला वाहिल्याशिवाय बाई चहा घेत नाहीत.

आणि रोज त्यांच्याआधी समोरचे मनोहरराव येतात. निवृत्त इंजिनिअर. फिरायला निघताना आकडीची काठी आणि पिशवी घेतात. त्यांच्या अंगणातही दोन तगरी आहेत, फुलांनी लदलेल्या. पण पूजेची फुलं दुसऱ्याच्या कुंपणावरची.

एका सोमवारी झाडावर तीनच फुलं उरली. सुभद्राबाई फाटकात उभ्या राहिल्या.

"काहून हो भाऊ, सारेच नेता?"

"देवालेच वाहून राहिलो ना! पुण्य तुमालेबी लागन, वहिनी."

"आपल्या झाडाचे काहून नाही तोडत?"

"अंगणाची शोभा जाते ना," ते हसले आणि चालू लागले.

त्या दिवशी बाईंनी चहा घेतलाच नाही. मला म्हणाल्या, "गुरुजी, याची शोभाच घालवीन मी."

भाद्रपदात त्यांच्या तगरीवर बोटाएवढ्या हिरव्या अळ्या आल्या. मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं, म्हणून त्यांनी एक ताटलीत घालून आणली. मी काडीनं डिवचलं. तिनं डोकं आत घेतलं आणि पाठीवर दोन निळे डोळे वटारले.

"हे शेपटीवरचं शिंग पाहा. शिंग असलं की हॉक मॉथ पतंगाचं घराणं. निळे डोळे खोटे, पाखरांना भिववायचे."

"खाते काय?"

"तगर नि कण्हेर. आठवड्यात फांदी बोडकी करते."

कुहीत तुरीवरच्या अळ्या वेचून मारण्यात ज्यांचा जन्म गेला, त्या बाईंनी ताटलीवर अलगद पदर धरला. आणखी काही विचारायला त्या थांबल्या नाहीत.

दुपारी मनोहरराव झोपले असताना बाईंनी आपल्या झाडावरच्या अळ्या वेचल्या. मोठी तीच खादाड, हा तुरीचा अनुभव. म्हणून जाडजूड, तपकिरी झालेल्या तेवढ्या निवडल्या. अकरा. समोरच्या कुंपणाच्या जाळीतून हात घालून एकेक त्यांच्या तगरीच्या पानावर ठेवली.

तीन दिवस त्या फाटकातून बघत राहिल्या. मनोहररावांच्या तगरीचं पानही कुरतडलं गेलं नाही.

"गुरुजी, गेल्या कुठं ह्या?"

"हिरव्या नेल्या होत्या की तपकिरी?"

"पिकलेल्या नेल्या. चांगल्या मोठ्या."

"रंग बदलला की त्यांचं खाणं संपतं, बाई. खाली उतरून पाचोळ्यात कोष करतात. तुम्ही जेवून उठलेले पाहुणे पाठवले त्यांच्याकडे."

मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

तीन आठवड्यांनी, दिवेलागणीला, मनोहररावांच्या अंगणातून हिरवट पतंग उडाले आणि रस्ता ओलांडून बाईंच्या नव्यानं पालवलेल्या तगरीवर भिरभिरले. सकाळी कोवळ्या पानांवर मोहरीएवढी फिकट हिरवी अंडी होती. मी नख पुढे केलं. बाईंनी माझं मनगट धरलं.

"हात नका लावू. या खेपेले हिरव्याच नेईन."

तेवढ्यात आकडी घेऊन मनोहरराव आले. "काय पाहून राहिले, वहिनी?"

"काही नाही, भाऊ." त्या बाजूला सरल्या. इतक्या गोड आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "न्या ना फुलं. देवालेच तर वाहता."