पुढे केलेली मनगटं

पोलीस दारात आले की तो आपणच दोन्ही मनगटं पुढे करायचा. "बांधा. मी कुठे पळतोय?"

सुरतेत, बमरोलीत आमच्या शेजारच्या खोलीत एकटाच राहायचा. आमच्यासारखाच धुळ्याकडचा, लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात कामाला. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, तोंडाआधी हात चालणारा. मारामारी करून आला की नळावर रक्त धुवायचा, धुतलेला शर्ट घालायचा आणि पोलिसांची वाट बघत आमच्या ओट्यावर बसायचा.

"वहिनी, चहा टाका. तिकडे मिळत नाही."

"आधी दात मोज," आमची ही म्हणायची. चहा द्यायचीच.

एकदा खात्यात एकाचा हात लूममध्ये अडकला. लूम बंद करायचं सोडून मास्टरने त्यालाच लाथ घातली. ह्याने मास्टरचा जबडा फोडला, नुसत्या बुक्क्यांनी. मग येऊन ओट्यावर बसला. पोलिसांनी तिथूनच नेला.

पण कागदावर लिहिलं, भेस्तान रेल्वे स्टेशनवर पळताना पकडला, कमरेला सुरा होता. चौकीत तळव्यांवर इतकं हाणलं की कोर्टात दोघांनी धरून आणला. सुऱ्यापायी खुनाच्या प्रयत्नाचं कलम लागलं. तरणेपण आतच गेलं असतं.

कोर्ट कधी न पाहिलेली आमची ही पिंजऱ्यात उभी राहिली. "तो पयना नही, पळाला नाही, साहेब. माझ्या ओट्यावरून नेला. हातात माझी कपबशी होती. सुरा कुठे धरेल?"

सरकारी वकिलाने हसून विचारलं, "ए तारो शुं लागे?"

"शेजारी. अजून काय लागायला पाहिजे?"

अटकच खोटी लिहिली, तर सुरा खरा कसा धरायचा, असं न्यायाधीश म्हणाले. मोठं कलम उडालं. मारहाणीची सजा आत राहून भोगून झालीच होती. सुटला.

थोड्याच दिवसांनी संध्याकाळी गल्लीत जीप थांबली. खाकी पँटीतले चौघं उतरले. त्या दिवशी ह्याने कुणाला हातसुद्धा लावला नव्हता. तरी ओट्यावरून उठला नाही. मनगटं पुढे केली. "बांधा."

ती मास्टरची माणसं होती. पहिला पाइप मनगटांवर पडला. मग डोक्यावर. आमची ही चहा गाळत होती, ती गाळणी घेऊनच धावली. तोवर संपलं होतं.

ते चौघं पळाले. कुणी ओट्यावर बसून वाट बघितली नाही. कागदावर अजून फरारच असतील.

त्यानंतर ही रोज संध्याकाळी ओटा धुवायची. डाग केव्हाच गेला होता, तरी धुवायची. पोळ्यानंतर ती गेली. आता मी धुतो. गुडघे वाकत नाहीत, ओट्यावरच पाय सोडून बसून धुतो.